जीसीएस किती ते सगळे विचारतात, पण डोळे, बोलणं आणि हालचाल वेगवेगळं विचारा

न्यूरोसिस्टर
नमस्कार मंडळी. मी न्यूरो आयसीयूत सिस्टर आहे, बरीच वर्षं झाली. इथे आरोग्य विभागात बीपी शुगरवर भरपूर धागे आहेत पण बेशुद्ध पेशंटवर काही दिसला नाही म्हणून लिहितेय. आमच्या दाराबाहेर नातेवाईक बसलेले असतात, डॉक्टर राउंड घेऊन बाहेर येतात आणि सांगतात "जीसीएस सात आहे", आणि मग तो सात गावभर फोनवर फिरतो. दुसऱ्या दिवशी आठ झाला की पेढे आणायची भाषा, सहा झाला की रडारड. मला दोन्हीचं फार वाईट वाटतं कारण नुसत्या बेरजेतून घरच्यांना काहीच कळत नाही.

जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. यात तीन गोष्टी बघतात. डोळे, त्याला ४ पैकी मार्क: आपणहून उघडे असतील तर ४, हाक मारल्यावर उघडले तर ३, बोटावर वगैरे दाब दिल्यावर उघडले तर २, नाहीच उघडले तर १. बोलणं ५ पैकी: नाव, कुठे आहे, कुठला महिना चाललाय हे नीट सांगितलं तर ५, बोलतोय पण गोंधळलाय तर ४, सुटे सुटे शब्द ३, नुसतं कण्हणं २, काहीच नाही १. आणि हालचाल ६ पैकी, ही सगळ्यात महत्त्वाची. सांगितलेलं केलं तर ६. दाब दिल्यावर हात बरोबर त्या जागी आणून आमचा हात बाजूला सारायला बघतो तर ५. नुसता हात मागे ओढून घेतो तर ४. हात कोपरात वाकून विचित्र पद्धतीने छातीकडे आवळले जातात तर ३, उलट ताठ सरळ होऊन आतल्या बाजूला वळतात तर २, काहीच नाही तर १. म्हणजे सगळ्यात कमी ३, शून्य कधीच नसतो, आणि तुम्ही आम्ही आत्ता १५.

आता बघा, सात हा आकडा किती वेगवेगळ्या प्रकारे तयार होतो. डोळे १, बोलणं १, हालचाल ५ म्हणजे सात. आणि डोळे ४, बोलणं १, हालचाल २ म्हणजेही सातच. पहिल्या पेशंटचा मेंदू दाब कुठे दिलाय हे ओळखून हात तिथे नेतोय, दुसऱ्याचे डोळे टक्क उघडे आहेत पण हात ताठ होतायत. दोघांचा सात एक नाही. म्हणून डॉक्टरांना विचारायचं ते असं: "ई किती, व्ही किती, एम किती? आणि काल किती होते?" एवढंच (ई म्हणजे डोळे, व्ही म्हणजे बोलणं, एम म्हणजे हालचाल). कुठलाही चांगला डॉक्टर याचं उत्तर देईल, राग मानणार नाही.

१३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम आणि ८ किंवा कमी म्हणजे गंभीर, हे डोक्याला मार लागल्यावरचं ढोबळ वर्गीकरण आहे. त्यावरून माणूस वाचेल का, चालेल का, पुन्हा कामावर जाईल का हे सांगता येत नाही. वय, सीटी स्कॅन, डोळ्यांच्या बाहुल्या, किती तासांनी दवाखान्यात आणलं, हे सगळं त्यात येतं.

कृष्णाकाठ
ताई अगदी वेळेवर धागा काढलात. माझे काका आत्ता व्हेंटिलेटरवर आहेत, बाईक घसरली, हेल्मेट नव्हतं, डोक्याचं ऑपरेशन झालंय. फाइलवर "ई २ व्ही टी एम ५" असं लिहिलंय. काकी रोज विचारतात की बोलत का नाहीत, बोलण्याला मार्क का नाही दिले. आणि काल दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की औषधामुळे झोपेत आहेत, मग आकडा खरा कसा धरायचा? आम्ही नुसते चकरा मारतोय.

न्यूरोसिस्टर
@कृष्णाकाठ, काकींना सांगा टी म्हणजे घशात नळी आहे. ती स्वरयंत्रामधून जाते त्यामुळे माणूस शुद्धीवर असला तरी आवाज निघूच शकत नाही. म्हणून तिथे मार्क देत नाहीत, ते नापास झाले असा त्याचा अर्थ नाही. एम ५ म्हणजे दाब दिला की हात त्या जागी जातोय. आणि औषधाबद्दल तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. मिडाझोलाम, फेंटानिल, प्रोपोफॉल (ते पांढरं दुधासारखं इंजेक्शन पंपावर दिसतं ते) चालू असताना घेतलेला स्कोअर हा मेंदूचा आणि औषधाचा मिळून असतो. मिडाझोलाम तर वयस्कर माणसात किंवा किडनी कमजोर असेल तर बंद केल्यावरही बराच काळ अंगात रेंगाळतं. म्हणून विचारा की झोपेचं औषध कधी थांबवून तपासणार आहात, आणि आजचा स्कोअर औषध चालू असताना घेतलाय का बंद असताना. पण औषध बंद करा म्हणून हट्ट धरू नका, मेंदूला सूज असेल, आतला दाब वाढलेला असेल तर ते मुद्दाम चालू ठेवलेलं असतं.

काका कसे होतील ते मी इथून सांगू शकत नाही आणि इथे कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

ढगाळ_हवा
छान माहिती, वाचनखूण साठवली. मी स्कॉटलंडमध्ये नर्स आहे, मूळची सांगलीची, म्हणून थोडी भर. हे स्केल १९७४ साली ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या ग्लासगोच्या दोन न्यूरोसर्जननी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. त्याच्या आधी "अर्धवट बेशुद्ध", "गुंगीत", "खोल कोमात" असे शब्द वापरायचे आणि प्रत्येक डॉक्टरच्या मनात त्याचा अर्थ वेगळा. रात्रीच्या डॉक्टरला सकाळच्या डॉक्टरचं लिहिलेलं वाचून पेशंट सुधारतोय का बिघडतोय हेच कळायचं नाही. टीसडेल जेनेटनी ठरवलं की अर्थ लावायचा नाही, जे डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहायचं, आणि ते ज्युनियर डॉक्टरला आणि नर्सलाही लिहिता आलं पाहिजे. पहिल्या लेखात हालचालीला ५ च पायऱ्या होत्या, बेरीज १४, नंतर हात ओढून घेणं आणि विचित्र वाकणं वेगळं केलं तेव्हा १५ झाली.

२०१४ ला ४० वर्षं झाली तेव्हा त्यांनीच सुधारणा सांगितल्या. "वेदना" ऐवजी "दाब" म्हणा. छातीच्या हाडावर मुठीने रगडणं नको, त्याऐवजी बोटाच्या टोकावर, मान आणि खांद्याच्या मधल्या स्नायूवर किंवा भुवईच्या खाली खोबणीत हळूहळू वाढवत १० सेकंदांपर्यंत दाब द्या. आणि जे तपासताच येत नाही तिथे १ लिहू नका, "तपासता आलं नाही" लिहा, मग बेरीजही करू नका. ताई म्हणतायत तेच, तिन्ही वेगळे सांगा हे मूळ लोकांचंच म्हणणं आहे.

अनघा_के
हे दाब देणं मला बघवत नाही हो. माझ्या आईच्या वेळी सिस्टर पेनाने नखावर दाबत होत्या, आईचं बोट काळंनिळं झालं होतं. बेशुद्ध माणसाला एवढं दुखवायची काय गरज असते? बाहेरच्या देशात काही तरी मशीन असेलच की.

न्यूरोसिस्टर
अनघाताई, तुमचा त्रास कळतो. पण आधी हाक मारतात, मग मोठ्याने हाक, मग हात लावून, आणि कशालाच प्रतिसाद नसेल तरच दाब. हाकेला डोळे उघडून सांगितलेलं करत असेल त्याला दाबायचं काही कारण नाही. आणि दाबायचं झालं तर योग्य जागी, बेताने आणि थोडाच वेळ, ढगाळ_हवा यांनी सांगितलं तसं. बोट काळंनिळं व्हायला नको होतं हे मी सरळ म्हणते, एकाच बोटावर दर तासाला दाबत राहिलं की तसं होतं, बोट बदलायला पाहिजे. तुम्ही नम्रपणे सांगू शकता की सिस्टर दुसऱ्या बोटावर घ्या. मशीन मात्र नाही. सीटी स्कॅनमध्ये मेंदूचा फोटो दिसतो, माणूस जागा आहे का ते दिसत नाही. दर तासाला पलंगाजवळ जाऊन बघणं यालाच पर्याय नाही, कारण डोक्यात रक्त साठत गेलं तर पहिली खूण बऱ्याचदा हीच असते की मघाशी हाकेला डोळे उघडत होता, आता उघडत नाही. स्कोअर २ ने घसरला तर आम्ही डॉक्टरला झोपेतून उठवतो. एक बाहुली मोठी होऊन टॉर्चला हलेना झाली तर पळापळ.

डॉ_माळरान
मी तालुक्याच्या गावी एमडी मेडिसिन आहे. धाग्यावर सगळं डोक्याला मार याबद्दल चाललंय, आमच्याकडे बेशुद्ध पेशंट येतात त्यात निम्मा खेळ वेगळाच असतो म्हणून लिहितो.

पहिली गोष्ट साखर. कुठलाही बेशुद्ध माणूस, कुठलंही कारण वाटत असो, आधी बोटातून रक्त घेऊन साखर बघायची. डायबिटीसची गोळी घेऊन आजोबा जेवले नाहीत, सकाळी उठेनात, घरचे म्हणतात पॅरालिसिस झाला. शिरेतून ग्लुकोज गेलं की काही मिनिटांत उठून बसतात. उशीर झाला तर मात्र मेंदूला कायमची इजा होते. आणि गोळीचा असर बराच वेळ राहतो म्हणून उठून बसले तरी लगेच घरी न्यायचं नाही.

दुसरी, फवारणीचं औषध पोटात गेलेले पेशंट. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, घाम. आम्ही उतारा म्हणून अॅट्रोपिन देतो, त्याने बाहुल्या मोठ्या होतात आणि पेशंट बडबडायला लागतो, हवेत काही तरी पकडायला बघतो. नातेवाईक घाबरतात की डोक्यावर परिणाम झाला. तो औषधाचा असतो.

तिसरी आणि सगळ्यात कळकळीने सांगायची ती मण्यार. पावसाळ्यात जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला माणूस, रात्री चावते, दुखत नाही, सूज नाही, बऱ्याचदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं म्हणून उठतो, मग पापण्या पडायला लागतात, गिळता येत नाही, आणि मग श्वास थांबतो. मण्यारीचं विष नसांचा स्नायूंकडे जाणारा निरोपच बंद करतं. डोळे उघडायला स्नायू लागतात, हात हलवायला स्नायू लागतात, बोलायला स्नायू लागतात. म्हणजे जीसीएस काढायला गेलात तर ३ येतो. बाहुल्यासुद्धा मोठ्या होऊन उजेडाला न हलणाऱ्या होऊ शकतात. बघणाऱ्याला वाटतं मेंदू गेला. पण आतून तो माणूस पूर्ण शुद्धीवर असू शकतो, सगळं ऐकत असतो. अशा पेशंटला "काही उरलं नाही, घरी न्या" म्हणून अॅम्ब्युलन्समध्ये घातलेलं मी ऐकलेलं आहे. व्हेंटिलेटरवर काही दिवस ठेवला, सर्पविषाची लस वेळेत दिली, तर हाच पेशंट चालत घरी जातो. म्हणून माझं सांगणं, तरुण माणूस, पहाटे अचानक, जमिनीवर झोपलेला, पापण्या पडलेल्या, आणि सीटी स्कॅन नॉर्मल, तर मण्यार आहे असं समजून चाला आणि श्वास चालू ठेवा.

सह्याद्रीवेडा
बाप रे. डॉक्टर हा प्रतिसाद वेगळा धागा करून वर चिकटवा अशी संपादकांना विनंती.

परखड_पुणेकर
एक शंका. कोमा आणि ब्रेनडेड एकच ना? व्हॉट्सॅपवर येतं ना की ब्रेनडेड पेशंट दहा वर्षांनी उठला वगैरे. मग अवयव काढून घेतात तेव्हा तो माणूस उठला असता तर?

डॉ_माळरान
नाही, एकच नाहीत, आणि हा घोळ लोकांच्या मनातून जायलाच पाहिजे कारण त्यापायी अवयवदान अडतं. कोमात माणूस जिवंत असतो, डोळे मिटलेले, जागा होत नाही, पण मेंदूचा खालचा भाग, म्हणजे ब्रेनस्टेम, थोडाफार काम करत असतो, बरेच जण स्वतःचा श्वास स्वतः घेतात. ब्रेनडेड म्हणजे तो ब्रेनस्टेम कायमचा बंद. बाहुली हलत नाही, बुबुळाला कापूस लावला तर पापणी मिटत नाही, नळीतून खेचताना खोकला नाही, आणि व्हेंटिलेटर काढून रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू दिला तरी एकही श्वास नाही, त्याला अॅप्निया टेस्ट म्हणतात. आपल्याकडे १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं पॅनल ही तपासणी करतं, दोनदा, मध्ये किमान ६ तास. आणि तपासणीच्या आधी झोपेचं औषध, विष, अंग थंड पडणं, शरीरातल्या क्षारांचा बिघाड हे सगळं नाही ना याची खात्री करावी लागते. वर मण्यार का लिहिली ते आता कळलं असेल. व्हॉट्सॅपवरचे दहा वर्षांनी उठलेले ब्रेनडेड नव्हतेच.

जुनी_परळकर
आमच्या पिढीला कोमा म्हटलं की केईएम हॉस्पिटलची नर्स अरुणा शानबागच आठवते. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएममध्ये तिच्यावर हल्ला झाला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला, मेंदूला रक्त आणि ऑक्सिजन मिळाला नाही. १८ मे २०१५ ला ती गेली, न्यूमोनियाने. पेपरात कायम "४२ वर्षं कोमात" असंच छापून यायचं. पण ती डोळे उघडायची, भरवलेलं तोंडाने खायची, आवाज काढायची असं तिला सांभाळणाऱ्या सिस्टर सांगायच्या. मग कोमा कसा?

न्यूरोसिस्टर
काकू, अगदी मुद्द्याचं बोललात. तो कोमा नव्हताच. तिच्या दयामरणाच्या अर्जावर सुप्रीम कोर्टाने तीन डॉक्टर पाठवले होते तिला तपासायला, आणि ७ मार्च २०११ च्या निकालात हेच आहे की ती कोमात नाही, ब्रेनडेड तर नाहीच नाही, ती कायमच्या व्हेजिटेटिव्ह अवस्थेच्या बऱ्याचशा निकषांत बसते. कोमा सहसा दोन ते चार आठवड्यांच्या वर टिकत नाही. त्यात माणूस जातो, नाहीतर शुद्धीवर यायला लागतो, नाहीतर डोळे उघडतात पण आत जाणीव दिसत नाही. या शेवटच्या, म्हणजे व्हेजिटेटिव्ह, अवस्थेत झोप-जाग सुरू होते, दिवसा डोळे उघडे, रात्री मिटलेले, जांभई येते, दात खातो, कधी डोळ्यातून पाणीसुद्धा येतं. आणि इथेच घरच्यांची फसगत होते. "डोळे उघडले, शुद्धीवर आला" म्हणून फोन जातात. डोळे उघडणं म्हणजे जाग, पण जाग आणि जाणीव या दोन गोष्टी आहेत. मी म्हणते डोळे उघडल्यावर आनंद करा, पण पुढचा प्रश्न विचारा, नजर कुणाच्या मागे फिरते का?

आणि केईएमच्या सिस्टरांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईची त्यांनी जी निगा ठेवली, पिढ्या बदलल्या, रिटायर झाल्या, नव्या आलेल्यांनी तसंच पुढे चालवलं. आमच्या पेशातल्या प्रत्येकीला त्याचा अभिमान आहे.

बोलका_बाहुला
म्हणजे नजर फिरली तर व्हेजिटेटिव्ह नाही?

न्यूरोसिस्टर
नजर ठरवून, पुन्हा पुन्हा मागे येत असेल तर त्याला किमान जाणिवेची अवस्था म्हणतात, २००२ पासून ही वेगळी धरतात. तपासायला सगळ्यात चांगली गोष्ट आरसा. पेशंटच्या तोंडासमोर हातभर अंतरावर आरसा धरून सावकाश डावी उजवीकडे, वर खाली फिरवायचा. बोटामागे न जाणारी नजर स्वतःच्या चेहऱ्यामागे जाते असं बरेचदा होतं. सीआरएस-आर म्हणून एक तपासणी आहे, २३ मार्कांची, ऐकणं, बघणं, हालचाल वगैरे सहा भागांत, त्यात हे सगळं येतं. वेळ लागतो तिला आणि एकदा करून भागत नाही, कारण हे पेशंट सकाळी एक आणि दुपारी दुसरे असतात. २००९ साली बेल्जियमच्या मंडळींनी तपासलं तेव्हा ज्यांना डॉक्टरांनी सर्वानुमते व्हेजिटेटिव्ह ठरवलं होतं त्यातल्या ४१ टक्के लोकांमध्ये या तपासणीत जाणिवेच्या खुणा सापडल्या. घाईघाईत बघून काय होतं ते यावरून समजा.

ढगाळ_हवा
यावर अजून एक. २००६ मध्ये एड्रियन ओवेन यांनी इंग्लंडमधली एक २३ वर्षांची बाई, अपघातानंतर पाच महिने व्हेजिटेटिव्ह म्हणून पडलेली, तिला एमआरआय मशीनमध्ये ठेवून सांगितलं की मनात टेनिस खेळ, मग सांगितलं मनात आपल्या घरात फिर. तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखेच भाग उजळले. सांगितल्यावर बाहेरून बोटसुद्धा हलत नव्हतं. पुढे २०२४ मध्ये मोठा अभ्यास आला, सांगितलेलं काहीच न करणारे २४१ पेशंट तपासले, त्यातल्या ६० जणांचा मेंदू सांगितलेलं ऐकून काम करत होता. म्हणजे चारात एक. ही तपासणी सगळीकडे मिळत नाही, अगदी इथेसुद्धा नेहमीच्या वॉर्डात होत नाही, पण पेशंटसमोर काय बोलावं याचा विचार त्यावरून नक्की करावा.

कृष्णाकाठ
हे वाचून अंगावर काटा आला. काकांच्या पलंगाशी उभे राहून परवाच बिलाची चर्चा झाली आमची.

न्यूरोसिस्टर
ती बाहेर करा. आत गेल्यावर आधी स्वतःचं नाव सांगा, "काका मी आलोय, आज गुरुवार आहे, तुम्ही दवाखान्यात आहात". एका वेळी एकानेच बोला. चार जण मिळून हाका मारल्या की थकलेला मेंदू अजून मिटतो.

आणि हे भाषेचं. आमच्याकडे दूरच्या राज्यांतून आलेले तरुण डॉक्टर असतात, मेहनती असतात, ते हिंदीत विचारतात "आँखें खोलो, हाथ उठाओ". खेड्यातल्या म्हातारीला, जिने आयुष्यभर अहिराणी नाहीतर मालवणी ऐकली, तिला बरं असतानाही ते पटकन समजलं नसतं, इथे तर डोक्याला मार आहे. मग सांगितलेलं करत नाही म्हणून हालचालीला ६ च्या जागी ५ पडतात. कानाचं मशीन घरी राहिलेलं असतं, चष्मा नसतो. म्हणून नातेवाईकांनी आपणहून सांगा की पेशंटला कुठली भाषा कळते, घरी काय हाक मारतात, ऐकू कमी येतं का, आधीपासून एक हात अधू आहे का. आणि शक्य असेल तर तपासताना तुम्हालाच त्यांच्या बोलीत सांगू द्या. मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघात असेल तर भाषाच जाऊ शकते, त्या पेशंटचे बोलण्याचे मार्क कमी येतात पण तो पूर्ण जागा असू शकतो, त्याला खुणेने सांगून बघायचं.

एक काळजी घ्या. हातात हात दिला आणि त्याने घट्ट धरला की घरचे म्हणतात ओळखलं. तान्ही बाळं पण तळहातावर बोट ठेवलं की धरतात, तशी ती आपोआप होणारी पकड असू शकते. म्हणून "धर" म्हटल्यावर धरला तर "सोड" म्हणा. सोडला तर खरं. किंवा दोन बोटं दाखवायला सांगा, जीभ बाहेर काढायला सांगा.

अनघा_के
घरी कुणी पडलं, डोक्याला लागलं आणि सीटी नॉर्मल म्हणून घरी सोडलं तर काय बघायचं? आणि झोपू द्यायचं का नाही यावर आमच्याकडे दर वेळी भांडण होतं.

डॉ_माळरान
झोपू द्या, पण पहिली रात्र मधून मधून उठवून नाव विचारा, ओळखतोय का बघा. जागं करायला जड जातंय, उलट्या होतायत, डोकेदुखी वाढत चाललीय, एक हात-पाय ढिला पडलाय, फिट आली, नाकाकानातून पाणी किंवा रक्त येतंय, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. मार लागल्यावर माणूस आधी चांगला बोलतो चालतो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो असं कवटीच्या आत रक्त साठताना होतं, त्यामुळे "तेव्हा तर बरा होता" याच्यावर विसंबू नका. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर घरी सोडायच्या आधीच ते डॉक्टरांना सांगा.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नका, सरळ फुप्फुसात जातं. साखर कमी असली आणि गिळता येत असेल तरच तोंडाने. कांदा, चप्पल हुंगवू नका, त्यात वेळ जातो. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा म्हणजे जीभ आणि उलटी घशात अडकणार नाही. पण उंचावरून पडलाय किंवा गाडीचा अपघात असेल तर मान हलवू नका, वळवायची वेळ आलीच तर दोघातिघांनी मान आणि अंग एका रेषेत धरून. १०८ ला फोन करताना या चारपैकी काय ते सांगा: माणूस जागा आहे, हाकेला उठतो, चिमट्याला उठतो, का कशालाच नाही. अॅम्ब्युलन्समधल्या डॉक्टरला तेवढं पुरतं.

कृष्णाकाठ
ताई, आज विचारलं. झोपेचं औषध सकाळी थांबवलंय, ई २ च आहे, एम ५, बाहुल्या दोन्ही सारख्या. डॉक्टर म्हणाले दोन दिवसांनी परत तपासून मग गळ्याला छिद्र पाडून नळी घालायचं ठरवू. ते केलं म्हणजे आशा सोडली असा अर्थ आहे का? काकी सही करायला तयार नाहीत.

न्यूरोसिस्टर
अजिबात नाही. तोंडातली नळी फार दिवस ठेवली तर स्वरयंत्राला इजा होते, म्हणून साधारण आठवडा दोन आठवडे झाले की गळ्यातून नळी घालायचा विचार करतात. त्याने झोपेचं औषध कमी लागतं, तोंड स्वच्छ ठेवता येतं, व्हेंटिलेटरवरून काढणं सोपं जातं, आणि झोपेचं औषध कमी झालं की तपासणीही खरी होते. शुद्धीवर आल्यावर आणि खोकला चांगला असेल तर ती नळी पुढे काढतात, छिद्र बुजतं. काकींना डॉक्टरांसमोर बसवून हेच विचारा, शिवाय विचारा की सध्या श्वास मशीन घेतंय का काका स्वतः घेतात, आणि मान व छातीचा एक्सरे कसा आहे. सही उद्या केली तरी चालते, प्रश्न आज विचारा. आणि काकांना कमी ऐकू येत असेल तर कानाचं मशीन उद्या घेऊन जा.